डोळ्यातील भिंगाला धरून ठेवणारे तंतू: ते फक्त ओढू शकतात, मग भिंग फुगते कसे?

खानापूरचा मास्तर यांचा प्रश्न

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. गेल्या महिन्यात माझ्या सासूबाईंच्या (वय ७१) उजव्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बेळगावात झाली. त्यांच्या आधी आत गेलेले रुग्ण पंधरा-वीस मिनिटांत बाहेर येत होते, सासूबाईंना मात्र तासाहून अधिक वेळ लागला. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कन्नडमध्ये सांगितले की 'दार सडिल आगिदे', म्हणजे धागा सैल झाला आहे. सासूबाईंनी तो 'दार' शब्द मराठीच समजला, आणि आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगतात की डोळ्याचे दार ढिले झाले होते, ते डॉक्टरांनी कडी घालून बसवले. गंमत म्हणजे कडीचा भाग खोटा नाही. डिस्चार्ज कार्डावर 'स्यूडोएक्सफोलिएशन' या निदानाखाली 'कॅप्सुलर टेन्शन रिंग बसवली' असे लिहिलेले आहे.

दृष्टी चांगली आली आहे, त्यामुळे तक्रार काही नाही. मात्र हे धागे नेमके काय असतात, कशाचे बनलेले असतात आणि कुठून कुठे बांधलेले असतात, हे मला पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तेथे 'सिलियरी स्नायू भिंगाची वक्रता बदलतात' एवढ्यावर विषय संपतो.

दुसरी अडचण वर्गातली आहे. जवळची वस्तू पाहताना स्नायू आकुंचन पावतात आणि भिंग फुगते, असे मी फळ्यावर लिहिले. तेव्हा दहावीतील एका मुलीने विचारले, "सर, स्नायू आवळला तर त्याला बांधलेला धागा ताणला जाईल. धागा ताणला तर भिंग बाजूंना ओढले जाऊन चपटे होईल. मग फुगते कसे?" मी थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिलो आणि 'उद्या सांगतो' म्हणालो. त्या 'उद्या'ला आता तीन आठवडे झाले आहेत.

तिसरी गोष्ट डाव्या डोळ्याची. त्यातही मोतीबिंदू आहे. धागे सैल असतील तर थांबावे की लवकर उरकावे?

निवृत्त नेत्रचिकित्सक, चिकोडी यांचे उत्तर

गुरुजी, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न इतका नेमका आहे की आधी त्याचेच उत्तर देतो.

तिचा तर्क बरोबर आहे, पण स्नायूचा आकार तिच्यासमोर नव्हता. दंडाचा स्नायू जसा एका सरळ रेषेत आखडतो, तसा सिलियरी स्नायू नसतो. तो भिंगाभोवती, भिंगापासून थोडे अंतर ठेवून बसलेले एक कडे आहे. कडे आकुंचन पावले की त्याचा घेर लहान होतो, म्हणजे त्याची आतली कड चहूबाजूंनी भिंगाकडे सरकते. धाग्याचे एक टोक या कड्याकडे आणि दुसरे भिंगावर असल्यामुळे दोन टोकांमधले अंतर कमी होते आणि धागा ढिला पडतो. मैदानावर वीस मुलांचे रिंगण करा, मध्ये एक कापडी चादर ठेवा आणि चादरीच्या काठाला बांधलेली एकेक दोरी प्रत्येकाच्या हातात द्या. सगळे एकेक पाऊल मागे गेले की चादर ताठ होते, आणि एकेक पाऊल पुढे आले की सैल पडते. स्नायूने आवळणे म्हणजे मुलांनी पाऊल पुढे टाकणे. डोळ्यात हे पाऊल अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचे असते.

मात्र चादर आणि भिंग यांत एक मोठा फरक आहे. सैल सोडलेली चादर कशीही लोंबते, भिंग मात्र सैल सोडले की आपणहून गोल होते, कारण त्याच्याभोवती एक पारदर्शक, लवचीक आवरण असते. या आवरणाला आम्ही कॅप्सूल म्हणतो आणि रुग्णाला समजावताना 'पिशवी' म्हणतो. पिशवीचा स्वभावच आतल्या मऊ गराला आवळून गोलसर करण्याचा असतो. म्हणून डोळा निवांत असताना, म्हणजे आपण दूर पाहत असताना, धागे ताठ आणि भिंग चपटे असते. जवळ पाहताना धागे ढिले पडतात आणि भिंग फुगते. भिंगाला फुगवणारा धागा मुळात नाहीच, धाग्याने ओढ सोडली एवढेच घडते. हे विवेचन हेल्महोल्त्स यांनी १८५५ मध्ये मांडले. त्याआधी १८०१ मध्ये थॉमस यंग यांनी स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवले होते की जवळ पाहताना पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, बदलत नाही, बदल भिंगात होतो. पुढे काही संशोधकांनी नेमका उलटा सिद्धान्तही मांडला, की जवळ पाहताना कडेचे धागे ताणले जातात. त्याची चर्चा आजही अधूनमधून होते. परंतु आकुंचनाच्या वेळी भिंगाचा व्यास घटतो आणि जाडी वाढते, हे प्रत्यक्ष चित्रणांत दिसते, त्यामुळे हेल्महोल्त्स यांचीच बाजू बळकट आहे.

आता प्रश्न उरतो की स्नायू सैल झाल्यावर धागे पुन्हा ताठ कोण करतो, कारण स्नायू तर स्वतःला लांब करू शकत नाही. ते काम डोळ्याच्या मागच्या अस्तराचे, म्हणजे कोरॉइडचे आहे. स्नायू आवळला की तो या अस्तराला पुढे खेचतो आणि स्नायूने सोडले की अस्तर स्प्रिंगसारखे मागे जाऊन धाग्यांना पुन्हा ताण देते. म्हणजे एका बाजूला स्नायू, दुसऱ्या बाजूला कोरॉइडची लवचीकता आणि मध्ये पिशवीची लवचीकता असा हा तिहेरी मामला आहे, आणि धागा या सर्वांमधला निरोप्या आहे.

या तंतूंना 'झोन्यूल' म्हणतात. योहान गॉटफ्रीड झिन या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७५५ मध्ये मानवी डोळ्याच्या रचनेवरील ग्रंथात त्यांचे नीट वर्णन केले, म्हणून 'झिनचे झोन्यूल' हे नाव रूढ झाले. हा गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञही होता आणि अवघ्या ३१ वर्षांचा असताना वारला. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणाअंगणांत फुलणाऱ्या झिनियाला लिनियसने त्याच्याच स्मरणार्थ नाव दिले आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत आणि परसात एकच माणूस भेटावा, याचे मला अजून नवल वाटते.

तंतू सिलियरी भागाच्या आतील रंगहीन पेशींपासून निघतात. हा भाग पुढच्या बाजूला घड्या घातलेल्या कापडासारखा असतो. साधारण ७० ते ८० घड्या असतात आणि तंतू त्यांच्या माथ्यावरून न जाता दोन घड्यांच्या मधल्या दरीतून भिंगाकडे येतात. पुढे त्यांना फाटे फुटतात. काही भिंगाच्या कडेच्या पुढे सुमारे दीड मिलिमीटरवर पिशवीला चिकटतात, काही कडेच्या मागे सुमारे सव्वा मिलिमीटरवर, आणि थोडे, बारीक असे, थेट कडेवर. पिशवीपाशी प्रत्येक तंतू झाडूच्या टोकासारखा विस्कटून पसरतो, त्यामुळे ओढ एका टाचणीएवढ्या जागेवर न येता विभागली जाते. पिशवीच्या पुढच्या भागात मधोमध साडेसहा-सात मिलिमीटरचे वर्तुळ तंतूंपासून मोकळे असते, आणि मोतीबिंदू काढण्यासाठी आम्ही पिशवीला जे पाच-साडेपाच मिलिमीटरचे गोल भोक पाडतो ते याच मोकळ्या जागेत बसते. ते वाढून तंतूंपर्यंत पोहोचले तर चीर कडेकडे पळू लागते.

एकेक मुख्य तंतू ५ ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसापेक्षा पुष्कळ बारीक. प्रत्येक तंतू हा हजारो सूक्ष्म धाग्यांचा पीळ असतो, आणि तो सूक्ष्म धागा फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचा असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो १० ते १२ नॅनोमीटर जाडीचा आणि ठरावीक अंतरावर मणी ओवल्यासारखा दिसतो. त्वचेला किंवा रक्तवाहिनीला लवचीकपणा देणारे इलास्टिन यात नसते, तरीही तो ताणला जातो आणि परत येतो. तंतूत पेशी नसतात, रक्तवाहिनी नसते, चेतातंतूही नसतो. म्हणून तो तुटताना दुखत नाही, आणि म्हणूनच तुटल्यावर पुन्हा तयारही होत नाही. गर्भावस्थेत आणि बालपणी जे तंतू विणले गेले तेच जन्मभर पुरवायचे असतात.

सासूबाईंच्या निदानाबद्दल सांगतो. स्यूडोएक्सफोलिएशनमध्ये डोळ्यात राखाडी, कोंड्यासारखे तंतुमय द्रव्य साठत जाते. ते भिंगावर, बाहुलीच्या काठावर, सिलियरी घड्यांवर आणि तंतूंवरही बसते. १९१७ मध्ये फिनलंडमधील लिंडबर्ग यांनी हे प्रथम नोंदवले. तंतू जेथून निघतात आणि जेथे चिकटतात ती दोन्ही टोके यामुळे पोखरली जातात. औषध घालूनही अशा डोळ्यांची बाहुली नीट मोठी होत नाही आणि काचबिंदूची शक्यता वाढते. त्यामुळे सासूबाईंच्या डोळ्याचा दाब शस्त्रक्रियेनंतरही नियमित तपासून घ्यावा.

सूक्ष्मदर्शकातून हे कसे दिसते तेही सांगतो. निरोगी पिशवीला सुईचे टोक लावले की ती ताठ असल्यामुळे टचकन भोक पडते. तंतू सैल असतील तर भोक पडण्याऐवजी पिशवीवर सुईभोवती सुरकुत्या उमटतात आणि सगळे भिंगच सुईबरोबर मागे सरकते. पाण्यावर तरंगणाऱ्या पिकल्या टोमॅटोला टाचणी टोचण्यासारखे ते वाटते. त्या क्षणी शल्यचिकित्सकाला कळते की आज घाई करायची नाही. आपल्याला जो तासभर लागला, तो वेळ सत्कारणी लागला असे माना.

उद्यमबागेतला फिटर यांचे उत्तर

डॉक्टरांनी डोळ्याचे सांगितले, मी यंत्राच्या बाजूने थोडी भर घालतो. माझा डोळ्यांच्या शास्त्राशी संबंध नाही, पण लहानपणी वडिलांच्या सायकल दुकानात चाकांचा आऊट, म्हणजे डगमग, काढण्यात माझी पाच-सहा वर्षे गेली आहेत आणि हे वाचताना मला सारखे ते चाक दिसत होते.

आपल्या साध्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात. लोकांना वाटते की तुंबा, म्हणजे चाकाचा मधला भाग, खालच्या आऱ्यांवर उभा असतो. तसे नसते, कारण तार दाबाला टिकत नाही, ती वाकते. चाक बांधतानाच प्रत्येक आरा निपलने ताणून ठेवलेला असतो आणि वजन आल्यावर खालच्या आऱ्यांचा ताण फक्त थोडा कमी होतो. चाक मुळात ताणावर उभे असते. भिंगाचे तंतूही तसेच दिसतात. त्यांना ढकलता येत नाही, म्हणून त्यांच्याकडून दोन्ही दिशांनी काम करून घ्यायचे तर त्यांना आधीच ताणून ठेवावे लागते आणि पुढचा सगळा खेळ तो ताण कमी-जास्त करण्याचा राहतो. विद्यार्थिनीला हे चाक हातात देऊन दाखवावे. आरा बोटाने छेडला तर वाजतो, निपल दोन आटे सैल केला की आवाज बसतो, पण आरा जागेवरून हलत नाही.

आता एका बाजूचे चार आरे तुटले असे समजा. उरलेले आरे तेवढेच ओढत राहतात, समोरून मात्र त्यांना उत्तर देणारे कोणी नसते, आणि चाक आऊट होते. तुटलेल्या जागेच्या शेजारच्या दोन आऱ्यांवर सर्वांत जास्त भार येतो आणि पुढच्या खड्ड्यात तेच तुटतात. माझ्या समजुतीप्रमाणे डोळ्यातही तुटण्याची साखळी अशीच पुढे जात असावी. फरक एवढाच की सायकलचा तुंबा पोलादी असतो आणि इथला तुंबा मऊ पिशवी आहे. त्यामुळे ती नुसती बाजूला सरकत नाही, तर तुटलेल्या बाजूला तिची कड आत दबते आणि गोलाची लंबगोल होते.

येथे ती कडी कामाला येते. मला जे कळले त्यावरून ती इंग्रजी सी अक्षरासारखी, एका जागी उघडी असलेली बारीक प्लास्टिकची रिंग असते आणि ती पिशवीच्या आतून कडेला बसवतात. मोकळी असताना पिशवीपेक्षा मोठी, आत दाबून घातली की उलगडू पाहणारी. म्हणजे मऊ तुंब्याला आतून कडक अस्तर मिळाले. आता शिल्लक असलेला प्रत्येक तंतू ज्या एका बिंदूला ओढत होता, त्याची ओढ रिंगमार्गे सगळ्या घेरावर वाटली जाते. सासूबाईंचा 'कडी घालून दार बसवले' हा खुलासा माझ्या मते इंजिनिअरच्या दृष्टीने फारसा चुकीचा नाही. मात्र रिंगने तुटलेला एकही आरा परत बसत नाही, हे लक्षात ठेवावे.

डॉक्टरांना एक विचारतो. या सगळ्या धाग्यांवर मिळून किती ओढ असते?

निवृत्त नेत्रचिकित्सक, चिकोडी यांचे उत्तर

फिटरदादा, आपली सायकलची उपमा मी माझ्या कारकिर्दीत रुग्णांना दिली असती तर पुष्कळ वेळ वाचला असता.

रिंगचे वर्णन बरोबर आहे. ती पीएमएमए नावाच्या प्लास्टिकची असते आणि जुनी कृत्रिम भिंगेही त्याचीच होती. मोकळी असताना तिचा व्यास साधारण सव्वाबारा-तेरा मिलिमीटर असतो आणि आत दाबल्यावर दहा-अकरा होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती वापरात आली. तंतूंचा तोटा आम्ही घड्याळाच्या तासांत मोजतो. तीन-चार तासांपर्यंतचा भाग सुटला असेल तर साधी रिंग बहुधा पुरते. त्याहून जास्त असेल तर कड्याला कान असलेली आणि टाक्याने डोळ्याच्या पांढऱ्या भित्तीला शिवून टाकायची रिंग लागते, किंवा पिशवीच नाकारून भिंगाला दुसरीकडे आधार शोधावा लागतो.

ओढीबद्दल सांगायचे तर ती फार कमी असते. वेगवेगळ्या प्रयोगांतून आणि गणितांतून निघणारे अंदाज सर्व तंतू मिळून काही ग्रॅम वजनाइतके आहेत. पण भिंग मऊ असल्यामुळे तेवढी पुरते. तंतू पोलादी आऱ्यासारखा कडक नाही, रबराच्या जातीचा आहे, आणि त्याचा ताण सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीला थोड्या ओढीने तो सहज लांबतो आणि जसजसा लांबतो तसतसा कडक होत जातो. त्यामुळे डोके झटकन वळवले किंवा धक्का बसला तरी भिंग लोंबकळत नाही. तंतू तुटले की मात्र ते लोंबकळू लागते. रुग्णाला नजर फिरवायला सांगून एकदम थांबवले तर भिंग आणि त्यावर टेकलेले बुबुळ थरथरताना दिसते. अनुभवी डॉक्टर शस्त्रक्रियेच्या आधी ही थरथर बाहुली मोठी करण्यापूर्वीच पाहून घेतो.

तुटण्याच्या साखळीबद्दलचे आपले म्हणणे शस्त्रक्रियेच्या खोलीत रोज अनुभवायला मिळते. तुटलेल्या बाजूकडून भिंगाला ओढले तर उरलेली बाजू उसवत जाते. म्हणून ओढायची दिशा नेहमी तुटलेल्या भागाकडे ठेवतात, त्यापासून दूर नव्हे.

अथणीची वाचक यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही, पण 'फायब्रिलिन' हा शब्द वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण आमच्या घरात तो गेली नऊ वर्षे रोज उच्चारला जातो.

माझा थोरला मुलगा चौथीत असल्यापासून त्याचा चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता. वर्षातून दोनदा, एकदा तर तीनदा. ज्या दुकानातून चष्मा घेत होतो तेथे प्रत्येक वेळी नवा नंबर काढून नवी काच बसवून देत आणि 'मुलगा मोबाईल फार बघतो' असे सांगत. आम्हीही तेच खरे मानून मुलाला बोलत राहिलो. पुढे मिरजेत एका नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून दिव्याखाली पाहिले आणि मला बोलावून दाखवले. भिंग दोन्ही डोळ्यांत वरच्या बाजूला आणि थोडे बाहेर सरकलेले होते. बाहुलीच्या खालच्या भागात भिंगाची गोल कड चंद्रकोरीसारखी स्पष्ट दिसत होती आणि त्या कडेपासून खाली जाणारे अतिशय बारीक, ताणलेले धागे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. भिंग तिरके झाल्यामुळे सिलिंड्रिकल नंबर वाढत होता. मोबाईलचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

त्यानंतर डॉक्टरांनी मुलाचे हात पसरायला लावून मोजले, मनगटाभोवती अंगठा आणि करंगळी एकमेकांवर येतात का ते पाहिले, आणि आम्हाला थेट हृदयाचा इको करायला पाठवले. डोळ्यांसाठी आलेल्या मुलाचा इको कशाला, असे माझ्या सासऱ्यांनी चिडून विचारले. उत्तर असे होते की भिंगाचे धागे ज्या प्रथिनाचे असतात, तेच प्रथिन हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भिंतीतही असते. त्यातला दोष डोळ्यात दिसला तर तेथेही शोधावा लागतो. याला मार्फान सिंड्रोम म्हणतात. इकोमध्ये महारोहिणीचे मूळ थोडे रुंद निघाले. आता गोळी चालू आहे आणि दर वर्षी मोजमाप होते.

मुलगा उंच आणि लांब हातापायांचा असल्यामुळे सासऱ्यांच्या मनात त्याला तालमीत घालायचे होते. कुस्ती आणि कबड्डी दोन्ही बंद झाली. मास्तर, आपल्या वर्गात असा उंच, सडपातळ आणि सारखा चष्मा बदलणारा मुलगा असेल तर पालकांना एकदा नीट तपासणी करायला सांगा, एवढीच विनंती.

एक प्रश्न माझाही आहे. भिंग वर सरकले असूनही मुलाला जवळचे वाचता येते. धागे तुटले असतील तर हे कसे?

निवृत्त नेत्रचिकित्सक, चिकोडी यांचे उत्तर

ताई, आपण जे पाहिले ते फार थोड्या पालकांना पाहायला मिळते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. आपण 'ताणलेले धागे' म्हणालात. मार्फानमध्ये तंतू बहुधा तुटण्याआधी लांबतात. ते भिंगाला घट्ट धरू शकत नाहीत, पण सोडूनही देत नाहीत, त्यामुळे समायोजनाची, म्हणजे जवळच्या वस्तूवर नजर जुळवण्याची, शक्ती बऱ्याच अंशी टिकते. मार्फानच्या सुमारे ६० टक्के रुग्णांत भिंग असे सरकलेले आढळते आणि बहुधा वरच्या बाजूला. याच्या उलट होमोसिस्टिन्यूरिया नावाच्या चयापचयाच्या आजारात भिंग बहुधा खाली आणि नाकाकडे जाते. फायब्रिलिनमध्ये गंधकयुक्त सिस्टीन विपुल असते आणि गंधकाच्या बंधांनीच त्याची घडी टिकून राहते. त्या आजारात हे बंध बिघडतात आणि तंतू ठिसूळ होऊन तुटतात, म्हणून त्या मुलांना जवळचे पाहणेही अवघड जाते. भिंग कोणत्या दिशेला गेले एवढ्यावरून आम्ही पुढची तपासणी ठरवतो, कारण होमोसिस्टिन्यूरियात भूल देताना रक्ताच्या गुठळीचा धोका असतो.

फायब्रिलिन-१ चे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे. त्यातील दोष आणि मार्फान यांचा संबंध १९९१ मध्ये सिद्ध झाला. सुमारे चौथाई रुग्णांत आई-वडील दोघेही निरोगी असतात आणि बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो. त्यामुळे 'आमच्या घराण्यात असे कोणी नाही' यावर विसंबू नये.

खानापूरचा मास्तर यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सायकलचे चाक काल वर्गात नेले होते आणि मैदानावर चादरीचे रिंगणही करून पाहिले. त्या विद्यार्थिनीचे समाधान झाले, पण तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला, की चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही ते धागे सैल झाल्यामुळे का? शिवाय शेजारचे एक आजोबा सांगतात की त्यांच्या काळी मोतीबिंदू 'अख्खा' काढत. मग त्या वेळी या धाग्यांचे काय करीत असत?

निवृत्त नेत्रचिकित्सक, चिकोडी यांचे उत्तर

चाळिशीचा दोष धाग्यांवर ढकलू नये. मुख्य कारण भिंगाचे कडक होणे हे आहे. भिंग जन्मभर वाढत राहते, त्याच्या बाहेरील थरावर नवे थर चढतात आणि आतला गर घट्ट होत जातो. एमआरआय चित्रणांत सत्तरीतही स्नायू आवळताना दिसतो, म्हणजे तंतूंची ओढ तेव्हाही कमी होते, पण भिंग इतके कडक झालेले असते की ओढ गेली तरी ते फुगत नाही. मुलाची समायोजन शक्ती १४ डायॉप्टरच्या आसपास असते, साठीत ती एकाच्या घरात येते. वाढत्या भिंगाबरोबर तंतूंच्या जोडणीची जागा पिशवीच्या पुढच्या भागात मध्याकडे सरकते आणि ओढीची दिशा बदलते. त्याचाही थोडा वाटा असतो. वाचनाने मात्र तंतू झिजत नाहीत.

आजोबांचे म्हणणे खरे आहे आणि त्या काळात मी स्वतः काम केले आहे. १९८० च्या दशकात तालुक्याच्या गावी शाळेच्या खोल्यांत शिबिरे होत आणि आम्ही भिंग पिशवीसकट काढत असू. उपकरणाचे अतिथंड टोक भिंगाला लावले की ते गोठून चिकटते. मग हलके हलवत सगळे तंतू तोडून भिंग अख्खे बाहेर घ्यायचे आणि रुग्णाला १० नंबरचा जाड चष्मा द्यायचा. गंमत अशी की त्या वेळी सैल तंतू म्हणजे आमची सोय होती. सत्तरीच्या आजीचे भिंग बोराच्या बीसारखे सुटून येई, चाळिशीच्या माणसाचे मात्र हटून बसे. तरुण डोळ्यांसाठी स्पेनमधील बार्राकेर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस काइमोट्रिप्सिन हे विकर आत सोडून तंतू विरघळवण्याची पद्धत आणली होती. त्याही मागे गेलो तर सुश्रुतसंहितेत वर्णन केलेल्या शलाकेच्या, म्हणजे बारीक सळीच्या, उपचारात भिंग काढले जात नसे, तंतू तोडून ते दृष्टीच्या वाटेतून बाजूला ढकलले जाई. म्हणजे दोन हजार वर्षांत वैद्याचा हात बहुधा हे तंतू तोडण्यासाठीच पुढे गेला, आणि ते वाचवायचे असतात हे आम्ही पिशवीत कृत्रिम भिंग बसवू लागल्यावर शिकलो.

डाव्या डोळ्याबद्दल आपण पहिल्याच पत्रात विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. माझे मत आहे की फार थांबू नये. मोतीबिंदू जितका कडक होतो तितकी तो फोडताना भिंगाची उलथापालथ जास्त होते आणि त्याचा भार तंतूंवर येतो. स्यूडोएक्सफोलिएशन दोन्ही डोळ्यांत सारखे असेलच असे नाही, तरी उजव्या डोळ्याचे कार्ड डॉक्टरांना आधी दाखवावे, म्हणजे रिंग आणि पिशवी किंवा बाहुली धरून ठेवणारे हूक तयार ठेवता येतात. उजव्या डोळ्याची तपासणीही सोडू नये, कारण अशा डोळ्यांत सात-दहा वर्षांनी भिंग पिशवीसकट खाली सरकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. अचानक धूसर दिसू लागले किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या तर त्याच दिवशी दाखवावे.

खानापूरचा मास्तर यांचे उत्तर

डाव्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्यातली तारीख घेतली आहे आणि कार्डाची झेरॉक्स फाइलला लावली आहे.

दरम्यान रविवारी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे दोन डोळे आणून प्रयोगशाळेत कापले. मागचा अर्धा भाग कात्रीने गोल कापून काढला आणि जेलीसारखा द्रव काळजीपूर्वक दूर केला, तेव्हा भिंगाभोवती सूर्यफुलासारख्या काळ्या घड्यांचे वर्तुळ दिसले. धागे प्रथम कोणालाच दिसेनात. खिडकी बंद करून मोबाईलचा टॉर्च आडवा धरला, तेव्हा घड्यांच्या मधून भिंगाकडे जाणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी चमक दिसली. मुलांनी काडीने भिंग ढकलले की समोरच्या बाजूच्या घड्याही सरकत होत्या. मग ब्लेडने एका बाजूचे, घड्याळाच्या तीन तासांएवढे धागे कापले. भिंग दुसऱ्या बाजूला सरकले आणि कापलेल्या बाजूची त्याची कड थोडी सपाट झाली, अगदी फिटरदादांनी लिहिल्याप्रमाणे. दुसऱ्या डोळ्यात मात्र धागे दिसण्याआधीच भिंग जेलीबरोबर निसटून बाहेर आले. तेथे आमची चूक काय झाली?

निवृत्त नेत्रचिकित्सक, चिकोडी यांचे उत्तर

डोळा जुना असावा किंवा जेली ओढून काढली गेली असावी. भिंगाची मागची बाजू जेलीला टेकलेली असते, त्यामुळे जेली ओढली की तंतूंसकट सगळे सोबत येते. जेली ओढू नका, कात्रीने थोडी थोडी कापत बाजूला करा. डोळा सकाळी कापलेल्या बकऱ्याचा घ्या आणि पूर्ण गोठवू नका, बर्फाच्या डब्यात ठेवला तरी पुरे. निसटलेल्या जेलीवर काळ्या रेघांचा गोल ठसा उमटलेला दिसेल, तो सिलियरी घड्यांचा. तो पांढऱ्या बशीत पाण्यात ठेवून मुलांना घड्या मोजायला सांगा. बकऱ्याचा सिलियरी स्नायू फार दुबळा असतो, त्यामुळे त्याच्या डोळ्यात भिंग फुगताना पाहण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका.